सावंतवाडीचा लाकडी पांगुळगाडा : चार महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मे महिन्यात सुट्टीसाठी आम्ही सासरी, सावंतवाडी तालुक्यातील गावी गेलो होतो, तेव्हा आमची मुलगी अकरा महिन्यांची होती. ती भिंतीला, कपाटाला, आजोबांच्या गुडघ्याला धरून उभी राहत असे, कडेकडेने दोन-चार पावले सरकत असे, आणि धरण्यासारखे काही उरले नाही की मटकन खाली बसत असे. त्या सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी सावंतवाडीच्या बाजारातील एका दुकानातून आम्ही साडेसहाशे रुपयांना लाकडी पांगुळगाडा घेतला. बारा दिवस तो गावच्या खळ्यात चालला, नंतर डोंबिवलीच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत चालला आणि गणपतीत पुन्हा गावी जाऊन आला. चार महिन्यांच्या या वापरावरून माझे मत असे झाले आहे की, ही वस्तू घेण्यासारखी निश्चित आहे. मात्र ती दुकानातून आणून थेट मुलाच्या हाती देऊ नये. अर्ध्या दिवसाचे काम घरी केल्यावरच ती शहरातील घरात वापरण्याजोगी होते, आणि ते काम कोणते हे सांगणे हाच या परीक्षणाचा मुख्य हेतू आहे.

पांगुळगाड्यापर्यंत आम्ही कसे आलो ते आधी सांगते. मुलगी आठ महिन्यांची असताना एका नातेवाइकांनी फार प्रेमाने प्लॅस्टिकचा वॉकर भेट दिला होता. मध्ये कापडी बैठक, भोवती रुंद कडे, खाली लहान चाके आणि समोर गाणी वाजवणारी पाटी, असा तो प्रकार बहुतेकांच्या परिचयाचा आहे. बैठकीत बसवले की ती पायाच्या चवड्यांनी जमीन ढकलत खोलीभर फिरत असे आणि आम्हाला स्वयंपाकघरात वीस मिनिटे मोकळी मिळत. नवव्या दिवशी मी गॅसजवळून वळून पाहिले, तेव्हा ती दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला, उघड्या राहिलेल्या दाराच्या उंबऱ्यापाशी पोचली होती. पुढचे चाक उंबऱ्याला अडले म्हणून ती थांबली. दाराबाहेर चार फुटांवर जिना आहे. माझ्या हातातली पळी कुठे पडली हे मला आजही आठवत नाही.

त्याच आठवड्यात लसीकरणासाठी गेलो असता आमच्या बालरोगतज्ज्ञांना हा प्रसंग सांगितला, तेव्हा त्यांनी बसायचा वॉकर त्याच दिवशी माळ्यावर टाकायला सांगितले. नंतर मी वाचले आणि त्यांच्या स्वरातील कडकपणाचे कारण मला कळले. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात यांवर बंदी घातली असून तेथे वापरलेला वॉकर विकणेही बेकायदा आहे. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात वॉकरमुळे झालेल्या दुखापतींसाठी पंधरा महिन्यांखालील दोन लाख तीस हजारांहून अधिक बाळांना रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आणावे लागले, आणि त्यांतील जवळजवळ तीन चतुर्थांश मुले वॉकरसह जिन्यावरून पडलेली होती, असे तेथील बालरोगविषयक नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटले आहे. वॉकरमधील बाळ एका सेकंदात तीन फुटांहून अधिक अंतर कापू शकते. हा आकडा वाचल्यावर, मूल आपल्या डोळ्यांसमोर आहे हा दिलासा किती पोकळ आहे हे मला उमगले. हात पोचेपर्यंत ते तेथे नसते.

पांगुळगाड्याची रचना मुळातच वेगळी आहे. त्यात मूल बसत नाही, ते गाड्याच्या मागे उभे राहते. शरीराचा भार स्वतःच्या पायांवर, तोल स्वतःच्या कमरेत, आणि गाडा केवळ हाताला आधार. हात सोडला की गाडा गाड्याच्या जागी आणि मूल मुलाच्या जागी. आपल्याकडे राजकीय अग्रलेखांतून ‘पांगुळगाडा’ हा शब्द परावलंबित्वाचे दूषण म्हणून वापरला जातो, तो या बिचाऱ्या वस्तूवर अन्याय आहे असे मला आता मनापासून वाटते, कारण मुलाला स्वतःच्या पायांवर उभे करणारे आणि काम झाले की मुकाट्याने बाजूला होणारे दुसरे साधन माझ्या तरी पाहण्यात नाही.

सावंतवाडीची लाकडी खेळणी महाराष्ट्राला नवी नाहीत. मोती तलावाच्या काठचे हे संस्थानी गाव गंजिफांसाठी (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांसाठी) आणि लाकडी फळांसाठी जेवढे प्रसिद्ध आहे, तेवढेच भातुकली, पोळपाट, पाट, चौरंग आणि पाळण्यांसाठीही आहे. चितारी कारागिरांवरून पडलेले चितारआळीचे नाव तेथे अजून कायम आहे, आणि दुकानांसमोर दोरीला टांगलेली रंगीत खेळणी पाहत त्या रस्त्याने चालणे हा लहान मुलाला कडेवर घेऊन करण्यासारखा सुरेख कार्यक्रम आहे. आम्ही ज्या दुकानात गेलो तेथे चार पांगुळगाडे होते : दोन भडक लाल-पिवळ्या तैलरंगातले, एक लाखेच्या रंगातला आणि एक बिनरंगाचा. माझा हात साहजिकच लाल-पिवळ्याकडे गेला. तेव्हा गल्ल्यावर बसलेल्या वयस्क गृहस्थांनी मला थांबवले आणि म्हणाले, “आदी चाकां बघा, रंग मगे.” मालवणीतला हा एवढाच सल्ला पुढे चार महिने मला उपयोगी पडला आहे.

लाखेचा रंग आणि तैलरंग यांतला फरक त्यांनीच समजावून दिला. लाखकामात कातावर, म्हणजे लाकूड गोल फिरवणाऱ्या यंत्रावर, फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते, आणि मग केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. लाख ही किड्यांपासून मिळणारी नैसर्गिक राळ असल्यामुळे तोंडात घालण्याच्या वयातल्या मुलांसाठी ती अधिक बरी समजली जाते. मात्र हे काम कातावर फिरू शकणाऱ्या गोल भागांवरच होते. सपाट फळीला ब्रशाने दिलेला साधा रंगच असतो. आपल्याकडे घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नसावे असा नियम २०१७ पासून लागू आहे, पण एखाद्या खेळण्यावर नेमका कोणता डबा वापरला गेला हे गिऱ्हाइकाला कळण्याचा मार्ग नाही. दात येणारे मूल पांगुळगाड्याची दांडी चघळणारच. म्हणून आम्ही बिनरंगाचा गाडा निवडला. त्याच्या दांडीवर फक्त दोन लाखेचे पट्टे होते, एक हिरवा आणि एक तांबडा. पूर्वी ही खेळणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची होत, आता बरेचसे काम आंब्याच्या लाकडात होते, असे त्या गृहस्थांनी सांगितले. आमचा गाडा आंब्याच्या लाकडाचा आहे.

वस्तूचे वर्णन थोडक्यात करते. त्रिकोणी बैठकीला मागे दोन मोठी चाके व पुढे एक लहान चाक आहे. मागच्या बाजूने दोन उभे खांब निघतात आणि जमिनीपासून सुमारे सतरा इंचांवर ते एका आडव्या गोल दांडीने जोडलेले आहेत. दांडी माझ्या अंगठ्याएवढी जाड आहे, त्यामुळे मुलीची मूठ तिच्याभोवती पूर्ण बसते. ही बाब दिसायला क्षुल्लक असली तरी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण शेजारच्या दुकानातल्या एका गाड्याची दांडी चौकोनी होती आणि तिला ती धरताच येत नव्हती. पुढच्या चाकावर दोन लाकडी पाखरे खुंटीवर बसवलेली होती. चाक फिरले की ती आलटून पालटून टक् टक् करीत मान हलवीत. गाड्याचे वजन साधारण दीड किलो आहे.

गावी आमचे खळे शेणाने सारवलेले आहे. मेच्या अखेरीपर्यंत, पाऊस येऊन सगळे आवरून घ्यावे लागेपर्यंत, घराचा निम्मा दिवस तेथेच जातो. सकाळी सातच्या सुमारास, ऊन चढण्याआधी, आबांनी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी मुलीला गाड्यामागे उभे केले आणि तिच्या दोन्ही मुठी दांडीवर ठेवल्या. पहिल्या दिवशी ती नुसती उभी राहिली व पाखरांकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने दांडी पुढे रेटली, गाडा वीतभर सरकला, पाखरू टक् वाजले, आणि त्या आवाजासाठी तिने आपला उजवा पाय उचलून पुढे टाकला. मी धावत तिला धरायला गेले, तेव्हा आबा ओट्यावरूनच म्हणाले, “पडांदे, उठतला.” ती पडली, आणि सारवलेल्या भुईवर पडल्यामुळे रडलीही नाही. सुट्टी संपेपर्यंत तुळशीवृंदावनापासून पायरीपर्यंतचे पंधरा-सोळा फुटांचे अंतर ती एका दमात जाऊ लागली होती. वळणे मात्र तिला जमत नव्हते, कारण पुढचे चाक सरळच फिरते; भिंत आली की ती गाडा सोडून खाली बसे आणि कोणीतरी येऊन तोंड फिरवून देण्याची वाट पाही.

परतीच्या प्रवासात तुतारी एक्स्प्रेसच्या खालच्या बाकाखाली गाडा आडवा ठेवला. त्याची घडी होत नाही, हा दोष प्रवासात चांगलाच जाणवतो. पुढे डोंबिवलीच्या घरी, जे खेळणे बारा दिवस इतके गुणी वागले होते, ते पहिल्याच संध्याकाळी एकदम परके झाले. आमच्या घरात गुळगुळीत, चकचकीत व्हिट्रिफाइड लादी आहे. मुलीने खळ्यातल्या सवयीने जोर लावून दांडी रेटली आणि गाडा सुसाट पुढे गेला. तिचे पाय मागे राहिले, हात गाड्याबरोबर गेले, आणि ती पालथी पडून हनुवटीला लागले. जखम छोटी होती, पण रक्त आले. दुसऱ्या दिवशी तिने गाड्याला हात लावला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

मी त्या दोन दिवसांत या वस्तूवर बराच विचार केला. गाडा तोच होता, मूल तेच होते. बदलली होती ती भुई. सारवलेली जमीन किंचित खडबडीत आणि मऊ असते, चाक तिच्यात जरासे रुतते, त्यामुळे मूल जेवढे रेटते तेवढाच गाडा पुढे जातो. ही रचना ज्या पिढ्यांनी घडवली त्यांच्या घरांत आणि अंगणांत सारवलेली भुईच होती, आणि तिने केलेले हे काम चाकाला स्वतः करावे लागेल अशी वेळ त्यांच्यावर आली नव्हती. घसरत्या लादीवर तीच चाके अडवणारे काहीच उरत नाही. त्यामुळे दोष कारागिराचा आहे असे मी म्हणणार नाही, परंतु आज या गाड्यांची पुष्कळशी गिऱ्हाइके मुंबई-पुण्याच्या लादीच्या घरांतली असताना, दुकानदारांनी विकताना ही एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी असे मला ठामपणे वाटते. आम्हाला ती कोणी सांगितली नाही.

दुसरी त्रुटी अधिक गंभीर होती आणि ती सर्वस्वी बनावटीतली होती. गाडा उलटा करून पाहिला तेव्हा मागच्या आसाचा एक नट अर्धाअधिक सैल होऊन बाहेर आला होता, म्हणजे आणखी चार-आठ दिवसांत तो लादीवर पडला असता, आणि रांगणाऱ्या मुलीच्या हाती, पर्यायाने तोंडात, गेला असता. पाखरांच्या खुंट्याही नुसत्या ठोकून बसवलेल्या होत्या. मी बोटांनी पिळ दिला तशी एक उपटून हातात आली. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी जी मानके आहेत, त्यांत ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या छोट्या नळकांड्यात पूर्ण मावेल असा कोणताही भाग सुटा होता कामा नये, असा दंडक आहे, कारण तेवढी वस्तू बाळाच्या घशात अडकू शकते. ढोबळमानाने, सव्वा इंचाच्या भोकातून जाईल अशी कोणतीही गोष्ट या वयाला धोक्याची आहे. नट आणि खुंटी दोन्ही त्यातून सहज गेली असती.

येथे आयएसआय चिन्हाविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण आमच्या इमारतीतील एका मैत्रिणीने प्रथम तोच प्रश्न विचारला. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक झाले आहे. तथापि हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवलेल्या खेळण्यांना, तसेच भौगोलिक मानांकनाखाली नोंदवलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. ही सूट नसती तर एकेका घरात दोन-चार माणसांनी चालवलेले हे काम चाचण्यांच्या खर्चाखालीच संपले असते, म्हणून मला ती योग्य वाटते. पण तिचा दुसरा अर्थ असा की, कारखान्यातल्या खेळण्याची जी तपासणी प्रयोगशाळेत होते, ती हाताने केलेल्या खेळण्याच्या बाबतीत आपल्याला स्वतः करावी लागते. गाडा उलटा करणे, प्रत्येक नट हाताने फिरवून पाहणे, प्रत्येक खुंटी ओढून पाहणे, दांडीवरून कापसाचा बोळा फिरवून तो कोठे अडकतो का ते बघणे, एवढे दहा मिनिटांत होते. आमच्या गाड्यावर कापूस दोन ठिकाणी अडकला, दोन्ही ठिकाणी दांडी खांबाला मिळते त्या सांध्यापाशी.

पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून गाड्याची दुरुस्ती काढली. मुलगी दुपारी झोपते त्या दोन तासांत पहिला अर्धा भाग आणि ती रात्री झोपल्यावर दुसरा, असे ते काम झाले. लहान मूल घरात असलेल्यांना एवढे सलग तास मिळणे म्हणजे काय ते सांगायला नको. प्रथम सगळे सांधे आणि दांडी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने व नंतर २२० नंबरच्याने घासली. सैल झालेला नट आणि त्याचा जोडीदार काढून टाकून त्यांच्या जागी आतून नायलॉनचे कडे असलेले नट बसवले. हे नट पान्याशिवाय फिरत नाहीत आणि हादऱ्यांनी सुटत नाहीत. पाखरे मनावर दगड ठेवून कायमची काढली आणि खुंट्यांची भोके लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून बुजवली.

मुख्य प्रश्न वेगाचा होता, आणि त्यावरचा उपाय नळकाम करणाऱ्या एका मिस्त्रींनी सुचवला. चाक आणि नट यांच्यामध्ये जेथे लोखंडी वायसर होता, तेथे नळाला घालतात तो रबरी वायसर घातला व नट जरा आवळला. आता चाक फिरते, पण दाबून फिरते. जेवढे रेटावे तेवढेच जाते, आणि रेटणे थांबले की थांबते. नट किती आवळायचा हे दोन-तीनदा करून पाहावे लागले. गाडा उलटा धरून चाकाला बोटाने जोरात ढकलले असता ते अर्धा फेरा फिरून थांबावे, एवढे आमच्या लादीला बरोबर ठरले. शिवाय पुढच्या चाकाजवळच्या फळीवर एक किलो तांदळाची कापडी पुरचुंडी घट्ट शिवून बांधली, कारण मुलगी दांडीला लोंबकळून उठायची तेव्हा रिकामा गाडा तिच्याच अंगावर मागे कलंडत असे. पुढे वजन आल्यावर ते थांबले. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून तिन्ही चाकांना चिकटवल्या. त्यांनी लादीवर पकड आली, आणि सकाळी साडेसहाला सुरू होणारा लाकडी चाकांचा खडखडाट बंद झाला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तोपर्यंत एका शब्दानेही तक्रार केली नव्हती, ते त्यांचे मोठेपण.

शेवटी लाकडाला तेल दिले. येथे एक सावधगिरी सांगते. रंगाच्या दुकानात ‘बॉइल्ड’ म्हणून जे जवसाचे तेल मिळते, त्यात ते लवकर वाळावे यासाठी धातूंची संयुगे घातलेली असतात, ते मुलांच्या वस्तूला वापरू नये. आम्ही घाण्यावरचे खाण्याचे जवसाचे तेल वापरले. त्याचा अगदी पातळ हात दिला, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसून काढला, असे दोन दिवसांच्या अंतराने तीनदा केले आणि मग आठ दिवस गाडा खिडकीत वाळू दिला. तेलाचे फडके बोळा करून टाकू नये. जवसाचे तेल वाळताना तापते आणि गोळा झालेले फडके आपोआप पेटू शकते. ते दोरीवर पसरून पूर्ण वाळल्यावरच टाकावे. या सगळ्याचा खर्च एकशे चाळीस रुपये आला, त्यात ट्यूब सायकलवाल्यांनी फुकट दिली.

दुरुस्त गाडा पुन्हा मुलीसमोर ठेवला, तेव्हा ती आधी लांबूनच पाहत होती. तिच्या बाबांनी मुद्दाम स्वतः गुडघ्यांवर बसून तो दिवाणखान्यातून एकदा नेला आणि आणला. मग ती रांगत आली, पुरचुंडी चाचपली, दांडीला धरून उभी राहिली आणि हळूच रेटली. गाडा चार बोटे सरकला व थांबला. तिने माझ्याकडे वळून पाहिले. मग पुन्हा रेटले. त्या संध्याकाळी दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्या अकरा फेऱ्या झाल्या, प्रत्येक फेरीनंतर गाडा फिरवून देण्याचे काम माझ्याकडे होते आणि ते मला अजिबात जड गेले नाही.

ती साडेतेरा महिन्यांची असताना, जुलैच्या एका दुपारी, गाडा दाराच्या चौकटीला अडला, तिने तो सोडला आणि माझ्या दिशेने तीन पावले मोकळी टाकली. गाड्यामुळे ती लवकर चालली असा माझा दावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मोजमापांनुसार निरोगी मुले सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत केव्हाही आधाराविना चालू लागतात, आणि आमची मुलगी त्या मोठ्या पट्ट्याच्या मधोमध कुठेतरी आहे. ज्यांचे मूल अजून स्वतःहून धरून उभे राहत नाही, त्यांनी त्याला घाईने गाड्यामागे उभे करू नये. आधी उभे राहणे, मग गाडा, हाच क्रम ठेवावा. गाड्याने दिली ती चालण्याची हौस. घरभर फिरण्यासाठी कोणाचे तरी बोट मागण्याऐवजी स्वतः उठून निघण्याची सवय तिला त्यातून लागली, आणि मला तेवढेच हवे होते.

गणपतीत गाडा पुन्हा गावी नेला. पावसामुळे खळे ओले होते, त्यामुळे तो माजघरात चालला, आणि तेथील जुन्या लाल कोब्यावर रबरी वायसरचा आवळ जरा जास्त वाटला; पाना सोबत असल्याने नट एक फेरा सैल करून काम झाले. तोपर्यंत ती स्वतः चालत होती, आणि गाड्याचा उपयोग बदलला होता. फळीवर आरतीच्या झांजा, दोन नारळ आणि काकडी ठेवून ती ते सामान आजीकडे पोचवीत असे. आईंनी म्हणजे माझ्या सासूबाईंनी तिच्या गाडीतून सामान मागवायला सुरुवात केली, तेव्हापासून ती ‘दे’ हा शब्द म्हणू लागली आहे.

बाजारात प्लॅस्टिकचे ढकलायचे गाडेही मिळतात, ज्यांत समोर बटणे, गोल फिरणारे चेंडू आणि दिवे असतात. शेजाऱ्यांकडील असा एक गाडा आमच्या मुलीने आठवडाभर वापरला. त्याच्या चाकांना वेग कमीजास्त करण्याची सोय होती आणि रचना रुंद असल्याने तो कलंडत नव्हता; या दोन बाबतींत तो आमच्या लाकडी गाड्यापेक्षा मुळातच सरस आहे, हे मान्य करायला हवे. ज्यांना घरी हत्यारे हाती धरायला वेळ नाही किंवा आवड नाही, त्यांनी तोच घ्यावा असे मी प्रामाणिकपणे सांगेन. फक्त, आमची मुलगी त्याच्यामागे चालण्यापेक्षा समोर बसून बटणे दाबण्यातच अधिक रमली. लाकडी गाड्यात दाबण्यासारखे काहीच नसते, त्याला ढकलण्यावाचून गत्यंतर नसते.

जिन्याला फाटक नसलेल्या घरात मात्र यांपैकी कोणतेही चाकांचे साधन आणू नये. आम्ही मुख्य दाराच्या आत कमरेएवढे लाकडी फाटक बसवून घेतले, आणि ते गाड्याच्या आधी बसवायला हवे होते.

चार महिन्यांनंतरची गाड्याची स्थिती अशी आहे : सांधे पक्के आहेत, नट जागचे हललेले नाहीत, दांडीवरचा तांबडा लाखेचा पट्टा एका बाजूने दातांनी उडाला आहे, आणि ट्यूबच्या पट्ट्या झिजून एकदा बदलाव्या लागल्या आहेत. दिवाळीत आम्ही पुन्हा गावी जाणार आहोत, तेव्हा नणंदेच्या बाळासाठी आणि खालच्या काकूंच्या नातवासाठी त्याच दुकानातून आणखी दोन गाडे आणायचे ठरले आहे. या वेळी पाना आणि चार नायलॉनचे नट घेऊनच जाणार आहे, आणि पाखरांच्या खुंट्यांना आरपार खिळा मारून देता येईल का, हे त्या गल्ल्यावरच्या आजोबांना विचारणार आहे, कारण ती टक् टक् आम्हा सगळ्यांनाच अजून आठवते.